मुठीतला फुगा

आई गेल्यापासून बाबांनी अंथरूणच धरलं होतं. डॉक्टर लेकीला म्हणाले, उतारवयातलं नैराश्य आहे. गोळ्या सुरू करण्याआधी मेंदूचा एमआरआय काढू आणि दोन महिन्यांनी पुन्हा काढू, म्हणजे औषध किती लागू पडलं ते कळेल.

टेक्निशियनने बाबांच्या मुठीत रबरी फुगा दिला. "आजोबा, आत जीव घाबरला तर हा दाबा. बाहेर घंटी वाजते."

बाबांनी तो एकदाही दाबला नाही. घंटी वाजली ती ते बाहेर येऊन चपला घालत असताना. "वायर सैल झाली असेल," टेक्निशियन म्हणाला आणि लेकही हसली.

गोळ्यांनी जादूच केली. बाबा पोटभर जेवू लागले, शेजाऱ्यांच्या फिरक्या घेऊ लागले. आईच्या फोटोसमोरून मात्र शीळ घालत जायचे. लेकीला ते खुपायचं. पण बाबा हसतायत, आणखी काय हवं, अशी ती मनाची समजूत घालायची.

आज दुसरा एमआरआय झाला. बाबा बाहेरच्या बाकावर बुटाच्या नाड्या बांधत होते. तेवढ्यात घंटी वाजली.

"पुन्हा तीच वायर," म्हणत टेक्निशियन काचेपाशी गेला आणि तिथेच थिजला. लेकीने त्याच्या खांद्यावरून डोकावलं. मशीनच्या रिकाम्या टेबलावर पडलेला फुगा चेपला, फुगला आणि पुन्हा चेपला, कुणीतरी जीव खाऊन दाबावा तसा.

ती बाबांकडे वळली. त्यांनी मानही वर केली नाही.

"दाबू दे गं त्याला," नाडीची गाठ आवळत ते म्हणाले. "दोन महिने आतच अडकलाय. दमेल हळूहळू."