कच्चा नैवेद्य

गरम पाण्याच्या कुंडात सोडलेली तांदळाची पुरचुंडी अनसूयाकाकूंनी वर ओढली. कीर्तनाआधीचा नैवेद्य त्या गावात असाच शिजायचा. आज मात्र दाणा बोटाखाली टणकच लागला.

"माझंच काहीतरी चुकलं रे दिगंबरा," त्या म्हणाल्या. "परवा सुनेला नको ते बोलले. देवीनं ऊब काढून घेतली."

"तांदूळच जुना असेल, काकू," दिगंबर हसायला गेला, पण हसू ओठांवरच विरलं. कुंडामागच्या त्याच्या लॉजवर गेल्या आठवड्यात नवी बोअर सुरू झाली होती. तिथल्या न्हाणीघरांत वाफा कोंडत होत्या आणि इथं देवीचं कुंड निवत चाललं होतं.

देवळात मृदंग घुमला. एरवी बुवांच्या अगदी पुढ्यात बसून टाळ्यांचा ठेका धरणाऱ्या काकू आज दारातच, चपलांच्या ढिगाशेजारी टेकल्या. पुरचुंडी पदराखाली झाकलेली. "कुठल्या तोंडानं आत जाऊ रे?"

दिगंबरला ते बघवेना. त्यानं हाताला धरून त्यांना उठवलं.

"आत जा, काकू. पाणी माझ्या बोअरनं ओढलंय. ती बंद करून येतो. मग इथं चपलांपाशी मी बसतो."