पाडव्याचा फेटा

"हेल्मेट नको घालूस गं, फेटा चेपेल," असं म्हणत मीच ते ऋजुताच्या हातातून काढून घेतलं. बालीत राहणारी आम्ही सोळा मराठी माणसं गुढीपाडव्याची स्कूटर रॅली काढणार होतो आणि सगळ्यांचे फेटे मी बांधले होते.

ऋजुता एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा हेल्मेट घालून जायची. "पोलिसांनी अडवलं तर?" तिनं विचारलं.

"इथले लोक देवळात निघाले की डोक्याला नुसतं फडकं बांधून स्कूटर चालवतात. त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?" मी म्हणाले. ती हसली. मी तिचा तुरा नीट केला, फोटो काढला आणि लगेच मिरजेला तिच्या आईला पाठवला.

तिसऱ्याच वळणावर वाळूवरून तिची स्कूटर घसरली. वेग फार नव्हता. हातपाय नुसते खरचटले होते, पण डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. संध्याकाळी नर्सनं ते लांबलचक केशरी कापड पिशवीत घालून माझ्या हातात दिलं.

आज तेराव्याला तिच्या आईचा फोन आला.

"हेल्मेटशिवाय कधी गाडीला हात लावला नाही पोरीनं, तरी असं व्हावं!" त्या बराच वेळ रडल्या. मग म्हणाल्या, "तू पाठवलेल्या फोटोलाच हार घातलाय. फेटा कुणी बांधला होता गं इतका सुरेख?"

ऋजुताचं हेल्मेट अजून माझ्याच दाराशी, मी ठेवलं तिथंच होतं.

"इथलाच एक माणूस होता, काकू," मी म्हणाले.