अकरा जोड्या

“एकट्या माणसाला पाण्यात सोडत नाही, मावशी,” गाईड म्हणाला. “वाफेनं चक्कर येते. जोडीदार पाहिजे.”

“तेहेतीस वर्षं नर्स होते मी. चक्कर आलेल्यांना उचलण्यातच जन्म गेला माझा.”

“असेल हो. पण नियम आहे.”

झालं! समोर काळ्या लाव्हाच्या खडकांत गरम झऱ्याचं कुंड, निळंशार, वाफाळणारं. या कुंडासाठी बाई दोन दिवस प्रवास करून आल्या होत्या. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी सहलीचं तिकीट काढलं. भावानं डोळे वटारले. “या वयात एकटीनं? काहीतरीच काय, वन्सं!” वहिनी म्हणाली. बाईंनी बॅग भरली.

आणि इथे येऊन बघतात तो काय, भाऊ परवडला! बसमध्ये बावीस जण, अकरा जोड्या. नवरा-बायको, मायलेकी, दोन जुने मित्र. तेविसाव्या या. गाईडनं त्यांना पहिल्या सीटवर, डोळ्यांसमोर बसवलं. ज्वालामुखीच्या तोंडाशी सगळे वाकून वाकून बघत होते, तेव्हा यांचं कोपर त्यानं घट्ट धरून ठेवलं. उकळत्या चिखलाच्या तर जवळही जाऊ दिलं नाही. जिथे जाल तिथे कुणीतरी हळहळायचं, “अगं बाई, एकट्याच आलात?” जसं काही यांचं पाकीट मारलं गेलंय.

कुंडापाशी मात्र कहर झाला. “मावशी, तुम्ही बसलाच आहात तर...” म्हणत एकेकानं आपलं सामान त्यांच्या हवाली केलं. बॅगा, मोबाईल, घड्याळं, एका आजोबांची डबीतली कवळीसुद्धा. “आम्ही नंतर येतो ना तुमच्याबरोबर पाण्यात,” असं तिघीजणी म्हणाल्या. एकही आली नाही. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. तरी त्यांनी सगळं नीट सांभाळलं आणि गाईडची शिट्टी झाली तशी ज्याची वस्तू त्याला परत केली.

गाईडची मोजायची पद्धत सोपी होती. बसच्या दारात आत तोंड करून उभं राहायचं, “आपापला जोडीदार बघा” म्हणायचं आणि जोड्या मोजायच्या.

“अकरा! पूर्ण!” तो ओरडला आणि बस सुटली.

पहिल्या सीटवर ओल्या टॉवेलांचा ढीग पडला होता. तिकडे कुणी बघितलंही नाही. अर्ध्या तासानं मागून हाक आली, “अहो, माझ्या मुलीला गरगरतंय. त्या नर्स मावशींना पाठवा जरा!”

मग शोधाशोध. टॉवेल उचलले, तर खाली नुसती सीट.

गाईडच्या तोंडचं पाणी पळालं. बस वळली. आता सगळ्यांच्या जिवाला टोचणी लागली. “बिचारी रडत बसली असेल.” “फोनही लागत नाही तिथे.” “तरी मी म्हणत होते, एकट्या बाईनं असं येऊच नये!” गाईडला तर आपली नोकरी गेलेली दिसायला लागली. ड्रायव्हरला तो सारखा “दामटा, दामटा” म्हणत होता.

बस थांबायच्या आत त्यानं उडी मारली. धापा टाकत तो कुंडापाशी पोचला, मागोमाग सगळी वरात.

बाई गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले. गाईड बुटांसकट पाण्यात उतरायला निघाला. तेवढ्यात त्यांनी एक डोळा उघडला.

“मावशी, माफ करा! पाया पडतो तुमच्या,” गाईड रडकुंडीला आला होता. “मोजण्यात चूक झाली हो. तुम्ही इथेच राहून गेलात, कळलंच नाही कुणाला!”

“राहून कसली जातेय?” बाई म्हणाल्या. “तुम्ही ‘पूर्ण’ म्हणालात तेव्हा तुमच्या पाठीमागेच उभी होते मी. म्हटलं, चला, सुटले!”