टेकडीवरचं जोडपं

शहरांच्या चित्रांच्या पुस्तकासाठी आमच्या राइन नदीकाठच्या गावाचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरताना पुढे टेकडीवर एक नटलेलं जोडपं उभं करायची रीत होती. चढाई करू पाहणाऱ्या तुर्कांना माणसांची चित्रं चालत नाहीत, म्हणजे ते हे पुस्तक उघडून आपली तटबंदी न्याहाळणार नाहीत, असा सगळा हिशेब. योस्ट कारागीर टेकडीवर गेला आणि तिथे आधीच उभं असलेलं जोडपं त्याने हुबेहूब कोरून टाकलं. पुस्तक छापून आलं, तर जोडपं म्हणजे आमचे नगराध्यक्ष आणि पाववाल्याची विधवा.

“अगं, गाव वाचावं म्हणून उभा राहिलो,” नगराध्यक्ष बायकोला म्हणाले.

“चांगलं केलंत,” भिंगातून चित्र बघत वालबुर्गा म्हणाली. “पण अहो, उंदरांनी खाल्ली म्हणालात ती माझी फरची शाल तिच्या खांद्यावर अगदी शाबूत दिसतेय.”