पहिल्या टास्कला पाणी

रोसित्साने एन्टरवर बोट ठेवलं, तोच तिच्या खुर्चीपुढे भसकन पाणी पडलं. मागे तिचा म्हातारा बाप दोब्री रिकामं भांडं घेऊन उभा.

"बाबा! मला घालवायची एवढी घाई झालीय?"

दाराशी तिची सूटकेस भरून तयार होती. कापडगिरणी बंद पडल्यापासून गाब्रोवो गावातल्या कितीतरी बायका इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला गेल्या होत्या. आज संध्याकाळच्या बसचं तिकीट तिनेही काढलं होतं. त्याआधी ही एकच परीक्षा उरली होती. प्रोग्रॅमचे सुटे भाग आपोआप जुळवणाऱ्या बिल्ड टूलमध्ये स्वतः लिहिलेला पहिला टास्क चालवून दाखवायचा. साधाच. पडद्यावर एक ओळ उमटवायची, कुठलीही. चालला तर सोमवारपासून लाचेझारच्या कंपनीत नोकरी. फाइल तिने त्याला सकाळीच पाठवली होती आणि आता तो व्हिडिओवर तिचा पडदा बघत होता.

"घालवायला कशाला, पोरी? शकुनाचं पाणी काय फक्त प्रवासाला निघणाऱ्याच्याच वाटेवर सांडतात? नव्या कामाला लागतेयस, मग नको?" दोब्री म्हणाला. "शाळेच्या पहिल्या दिवशी तुझ्या आईनं सांडलं नव्हतं?"

"शाळेच्या वाटेवर वायरी नव्हत्या, बाबा!"

गाब्रोवोची माणसं चिक्कूपणासाठी नावाजलेली, पाणीसुद्धा हात राखून सांडतात. म्हाताऱ्याने मात्र आज भांडंभर ओतलं होतं. ते टेबलाखाली पळालं आणि थेट एक्स्टेन्शन बोर्डात शिरलं. फट्! घरातली वीज गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसली होती, त्यामुळे पडदाही काळा झाला. एन्टर दाबलं गेलं की नाही, तेसुद्धा तिला कळलं नाही.

दोब्री भांडं पोटाशी धरून उभा राहिला. त्याचं तोंड बघून तिला रागावताही येईना. तेवढ्यात फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"कुठे गायब झालीस, रोसित्सा?" लाचेझार विचारत होता.

"वीज गेली. टास्क चाललाच नाही."

"तुझ्याकडे नसेल चालला. मी तुझी फाइल माझ्या मशिनवर चालवली. दुसऱ्याच्या मशिनवर चालतं तेच खरं काम. पहिल्या फटक्यात चालली, बाई!"

रोसित्साची मान ताठ झाली. तिने फोन दोब्रीसमोर धरला.

"फक्त तू उमटवलेली ओळ काही कळली नाही," लाचेझार हसत म्हणाला. "इथे आलंय, 'बाबा, सूटकेस रिकामी करा.'"