दाखवायचा गॅस

सकाळी सव्वादहाला जीप दारात थांबली, तेव्हा तानुबाईच्या तव्यावर पहिली भाकरी होती.

जीपचा आवाज ओळखून तिनं हात झपाझप चालवला. डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी होती. मोतीबिंदू काढून घरी पाठवताना बेळगावच्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, जखम भरेपर्यंत धूर लागता कामा नये, लागला तर डोळा हातचा जाईल. यल्लाप्पा तिथं तोऱ्यात म्हणाला होता, "आमच्यात धूर न्हाय, डॉक्टरसाहेब. आमच्यात गोबर गॅस हाय."

गॅस होता, हे खरं. बेळगावच्या कॉलेजातल्या भीमसेन सरांनी प्रयोगासाठी निपाणीजवळच्या या खेड्यातलं यल्लाप्पाचं घर निवडलं होतं. शेणात तंबाखूच्या वखारीतला टाकाऊ चुरा कालवायचा आणि दोन म्हशींच्या शेणावर एका घराचा स्वयंपाक होतो का, ते बघायचं. होत होता. रात्रभरात गॅस साठून परड्यातली लोखंडी टाकी हातभर वर चढायची. पण ती बघायला माणसं येत. ग्रामसेवक येत, शाळामास्तर येत, सोसायटीचे चेअरमन पाहुण्यांना घेऊन येत. आलेल्यांना शेगडी पेटवून दाखवायची आणि तिच्यावरच चहा करून पाजायचा, असा यल्लाप्पाचा नेम होता. माणसं जात, टाकी खाली बसे आणि तानुबाई भाकऱ्या थापायला मागच्या सोप्यात लाकडाच्या चुलीकडे जाई.

आज तसं चालणार नव्हतं. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, चुलीपुढं बसायला दुसरं कुणी नव्हतं. तंबाखूच्या तोडणीला माणसं लावलेली, त्यांच्या भाकऱ्या शेतावर जायच्या होत्या.

भीमसेन सर वाकून आत आले. मागं बंगळूरचे मोठे साहेब, त्यांच्या मागं कॅमेरावाला.

"आक्का, डोळा काय म्हणतोय?"

"हाय बांधून. सर, आज च्या न्हाय बरं का. गॅस भाकरीला पायजे."

"चहा नको आक्का. साहेब नुसतं बघणार." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मंजुरी यांच्या हातात आहे. आज सही झाली तर अशा पन्नास टाक्या होतील."

तानुबाई सरकून बसली, पण तव्यावरचा हात काढला नाही. साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि ते कन्नडमध्ये म्हणाले, "ज्योत दिसत नाही. तवा काढायला सांगा."

तानुबाईला कन्नड समजत होतं. ती तशीच बसून राहिली. यल्लाप्पानंच पुढं होऊन अर्धीकच्ची भाकरी तव्यासकट उचलली आणि भुईवर ठेवली.

ज्योत निळी होती. कॅमेरावाला म्हणाला, उजेडात दिसायची नाही. यल्लाप्पानं दार लोटलं, खिडकीला पोतं लावलं आणि चावी पूर्ण सोडली. "अजून मोठी हुतीया, साहेब. बघा की."

साहेब शेगडीसमोर उकिडवे बसले आणि बारकाईनं विचारू लागले. चुरा किती घालता? थंडीत फरक पडतो का? गॅस निघून उरलेला शेणाचा काला खत म्हणून शेताला चालतो का? प्रयोगाच्या दीड वर्षात इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं. भीमसेन सर एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर देऊ लागले.

"सर," तानुबाई म्हणाली, "जाळ रिकामा जळतोय."

"एक मिनिट, आक्का."

शेगडी रिकामी जाळू नये, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

पिठाचा हात तसाच धरून ती बसून राहिली. शेवटी साहेब तिच्याकडे वळले. "बाईंना विचारा, पहिल्यापेक्षा काय फरक पडला?"

"फरक पडलाय की," तानुबाई म्हणाली. "आदी च्या बी चुलीवर आन् भाकरी बी चुलीवर. आता च्या तेवढा गॅसवर."

यल्लाप्पानं तिच्याकडे डोळे वटारले. भीमसेन सर साहेबांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "फार सोय झाली म्हणतात."

"मी असं म्हटलं न्हाय," तानुबाई कन्नडमध्येच म्हणाली.

साहेब हसले. "पण धूर तर गेला ना?"

ज्योत एकदा आखडली, पिवळी झाली आणि फट्‌ करून विझली. खोलीत अंधार झाला. यल्लाप्पानं दार उघडलं. परड्यातली टाकी तळाला बसली होती.

"धूर आता येईल," असं म्हणून तानुबाईनं तवा आणि परात उचलली.

मागच्या सोप्यात लाकडं ओलसर होती. तिनं पदर पट्टीवर ओढून घेतला आणि मान वळवून फुंकर घालू लागली. मागोमाग भीमसेन सर आले.

"सरका आक्का. तुम्ही बाहेर बसा, मी पेटवतो."

"तुमास्नी जमतंय व्हय?"

"आईच्या चुलीला मीच जाळ घालत होतो." त्यांनी फुकणी घेतली, गुडघे टेकले आणि दोनदा फुंकलं. धुराचा लोट उठला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या.

पुढं जीपचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, जरा लांबवून.

भीमसेन सर उठले, गुडघे झटकले आणि फुकणी तानुबाईच्या हातात दिली.

साहेबांनी जीपमध्येच शेरा लिहिला: प्रयोग समाधानकारक, इतरांना दाखवण्याजोगा. पट्टी सोडायला डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं आहे. त्याआधी, शनिवारी, जांबोटीकडची माणसं गॅस बघायला येणार आहेत.