उरलेलं रबर

जुन्या कॅम्पर व्हॅनला खिडक्या सहा, त्यांच्या कडेला लावायच्या नव्या रबरी पट्ट्या सहा आणि कामाला माणसं दोन: इंजिनिअर जावई आणि हयातभर शिवणकाम केलेले सासरे. रविवारी सगळं घर याच गाडीतून फिरायला निघणार होतं, झोपणारही गाडीतच.

“जावईबापू, ताणू नका. ढिलंच बसवा, रबर मागाहून आकसतं.”

“बाबा, ही खिडकी आहे, चड्डीचं इलॅस्टिक नव्हे!”

अडाण्याशी वाद कशाला घालायचा? जावयाने पाच खिडक्यांना रबर खेचून खेचून बसवलं आणि प्रत्येकीचा वाचलेला दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून सासऱ्यांपुढे टाकला. “घ्या, ठिगळाला होतील.” म्हातारा हट्टच धरून बसला, म्हणून त्याच्या बिछान्यावरची सहावी खिडकी तेवढी त्याला सोडली.

आठवडाभर गाडी उन्हात उभी राहिली. रविवारी सामान भरून झाल्यावर जावयाने ऐटीत, सगळ्यांसमोर, खिडक्यांवर पाण्याचा पाइप धरला. आतून बायको ओरडली, “अहो, बंद करा! गाद्या भिजल्या!”

सासऱ्यांनी खिशातली मापाची टेप काढून प्रत्येक खिडकीच्या रबराच्या सांध्याला लावली.




पाच खिडक्यांत फट दोन-दोन सेंटिमीटर. सहावीत शून्य.